वारा मोजलेली घरं

गोंदिया

गोंदिया स्टेशनच्या बाहेर सकाळी सात वाजता गरम पोहे मिळतात आणि त्यांवर चण्याची तर्री ओततात. आमच्या पुण्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरली की झालं. इथे पोहे लाल रश्श्यात अर्धे बुडेपर्यंत ठेलेवाल्याचा हात थांबत नाही. मी 'बस' म्हणालो, तर तो म्हणाला, "साहब, जनवरी है. सूखा खाओगे तो ठंड लगेगी." थंडी खरंच होती. धुकं इतकं, की समोरच्या रिक्षांचे नुसते दिवे दिसत होते. उभ्याउभ्या खाताना शर्टावर रस्सा सांडला आणि तो तांबडा डाग घेऊनच मी पुढे फिरलो.

हे वाचून कुणाला गोंदियाला जावंसं वाटलं तर जरूर जावं. मोठमोठी तळी आहेत, जंगल आहे, सालेकशाकडे कचारगडच्या गुहा आहेत, तांदूळ तर उत्तमच. मी मात्र यातलं काही बघायला गेलो नव्हतो. एका बाईला एक गोष्ट सांगायला गेलो होतो. ती गोष्ट तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती. मी गप्प बसलो, म्हणून 'हिनं सून मारली' असा ठपका घेऊन ती बाई तीन वर्षं जगते आहे. चूक माझी होती. आणि तो ठपका तिच्यावर बसवायला जे वाक्य लागलं, तेही मीच लिहून दिलं होतं.

माझं काम आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नव्या बांधलेल्या घरातून वारा किती गळतो, ते मी मोजतो. दाराच्या चौकटीत नायलॉनचं कापड ताणून बसवायचं, त्यात एक मोठा पंखा बसवायचा आणि घरातली हवा बाहेर ओढायची. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. ती किती, ते मीटरवर दिसतं. फट कुठे आहे हे धुरावरून शोधतात. परदेशात त्याला खास कांडी मिळते. मी अगरबत्ती लावतो. फटीजवळ नेली की धूर आत फेकला जातो. फट बुजवली की धूर सरळ उभा राहतो. हवा कमी गळाली तर उन्हाळ्याचा गारवा आणि हिवाळ्याची ऊब घरात टिकते, वीज कमी लागते. हे शास्त्र मला आजही खोटं वाटत नाही.

एका संस्थेनं गोंदियाजवळच्या मुर्री गावाच्या पुढे अशी दहा घरं बांधली होती. परदेशातून मदत आलेली, आणि मदत देणाऱ्यांची अट अशी की घरांची वाऱ्याची चाचणी झालीच पाहिजे. ती करायला मी २०११च्या डिसेंबरात पहिल्यांदा इथे आलो. त्या वेळी स्टेशनवर मला न्यायला गाडी आली होती. या वेळी मी कुणाला कळवलं नव्हतं.

मुर्रीच्या पुढे

संस्थेनं वस्तीला दिलेलं नाव रिक्षावाल्याला माहीत नव्हतं. मी खुणा सांगितल्या. दहा घरं, पांढरी, सपाट छताची.

"अच्छा, डब्बा कॉलोनी! सीधा बोलो ना." त्यानं किक मारली. "गर्मी में बहुत ठंडे रहते थे बोलते. लेकिन अंदर जी घबराता था लोगों का. फिर सबने छेद मार लिए. अब मस्त है, आम घर जैसा हो गया."

आम घर जैसा. माझा चाळीस पानांचा अहवाल त्या माणसानं हँडल न सोडता निकालात काढला.

तो सांगत होता ते खरं होतं. तांदळाच्या गिरण्या मागे पडल्या, धुकं विरळ झालं आणि वस्ती दिसली. जवळजवळ प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीत, छताच्या खाली, एकाच जागी भोक पाडलेलं होतं. सब्बलनं, म्हणजे पहारीनं, फोडलेलं, ओबडधोबड. एकानं त्यात पाइपचा तुकडा घातला होता. एकीनं फुटक्या माठाचं तोंड बसवून भोवती माती लिंपली होती, आणि ते कुणी मुद्दाम केलेल्या नक्षीसारखं दिसत होतं. सवयीनं माझ्या डोक्यात मीटर फिरलं, आता ही घरं चाचणीत किती वाईट नापास होतील. मग स्वतःचीच शिसारी आली.

शेवटून दुसऱ्या घराला कुलूप होतं. त्या एकाच घराची भिंत धड होती. इतरांनी भोक पाडलं होतं त्या जागी विटांनी बुजवलेला झरोका तसाच, वर चुना दिलेला.

"कोन पायजे जी?" शेजारच्या अंगणात एक बाई धान वाळायला पसरत होती. फुलाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं बाई. तुमी तं ते पंखेवाले साहेब!" आणि घराकडे मान वळवून ओरडली, "अवो, पंखेवाला आला. तोंड मिटून बसा, नाईतं वारा मोजन!"

आतून कुणीतरी पुरुष खो-खो हसला. मलाही हसावं लागलं.

"अनुसयाबाई कुठे असतात?" मी विचारलं.

फुलाबाईचं हसू तिथेच थांबलं. "कायले पायजे ती तुमाले?"

"भेटायचं आहे."

"भेटून का करता? पंखा लावता का तिच्या घराले?"

हा टोमणा कुठे लागला, ते कळायला त्या डिसेंबरचा दिवस सांगायला हवा.

दहा घरांपैकी एक घर चिठ्ठी टाकून निवडायचं आणि त्याची चाचणी घ्यायची, ते पास तर सगळी पास, असं ठरलं होतं. चिठ्ठी अनुसयाबाईच्या घराची निघाली. घरात तीन माणसं. साठीकडे आलेली अनुसयाबाई, गिरणीत कामाला जाणारा तिचा मुलगा मिलिंद आणि सून वैशाली. वैशालीला आठवा महिना असावा. तिला माहेरी आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच होणार होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली माझं मशीन. मी अगरबत्ती पेटवली तेव्हा अनुसयाबाईनं डोक्यावर पदर घेतला. मी म्हणालो, "पूजा नाही हो मावशी, फट शोधतोय." ती म्हणाली, "मंग सांगा ना तसं."

पहिल्या फेरीत घर नापास झालं. कारण उघड होतं. आतल्या खोलीत उंचावर सिमेंटच्या जाळीचा झरोका होता. नकाशात त्या जागी विजेचा लहान पंखा होता, घरातली कोंदट हवा बाहेर टाकणारा. घर इतकं घट्ट बंद केलं की असा पंखा लागतोच. हे मी वर्गात लोकांना शिकवतोसुद्धा. पंखे आलेले नव्हते. संस्थेचा मॅनेजर म्हणाला, "सर, आठवड्यानं फॉरेनचे पाहुणे येतायत, त्यांना स्वतः मशीन बघायचंय. एक जाळीच तर आहे."

मी जाळीवर टेप मारून पुन्हा मोजलं. पास. मग खुर्चीत बसून लिहिलं, 'दहाही घरांच्या आतल्या खोलीतील झरोका विटांनी कायमचा बंद करावा. पंखा नंतर बसवावा.' खाली सही. 'पंखा बसेपर्यंत झरोका उघडा ठेवावा' एवढं लिहायचं होतं. ते मला माहीत नव्हतं असं नाही. लिहिलं असतं तर पाहुण्यांसमोर आकडा बिघडला असता आणि मला परत यावं लागलं असतं. बस, एवढंच कारण.

गवंड्यानं माझ्यासमोर विटा लावल्या. मी पुन्हा अगरबत्ती धरली. धूर मेणबत्तीसारखा सरळ उभा राहिला. मला इतका आनंद झाला, की मी घरच्यांना बोलावून दाखवलं. "बघा, हलतसुद्धा नाही."

"हालून नाई रायला, ते तं मीबी पाहून रायली," अनुसयाबाई म्हणाली. "पन तो जाईन कोठं?"

"चूल बाहेर करायची मावशी. आत धूर करायचाच नाही."

"अन् बाळंतिनीचा शेक?"

वैशाली दारात उभी होती. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "शेक कशाला आता? घरच उबदार आहे. बाळंतिणीला वारा लागू नये असं तुम्हालाच वाटतं ना? मग, तेच तर करून दिलं." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मिलिंद. वैशाली हसली नाही.

बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे आमच्याकडेही आहे. माझ्या आईनं माझ्या बायकोच्या कानांना सव्वा महिना रुमाल बांधून ठेवला होता. इकडे न्हाणं झालं की बाळंतिणीच्या बाजेखाली घमेल्यात निखारे ठेवतात, त्यांवर ओवा टाकतात आणि दार लावून घेतात. कौलारू घरात दार लावलं तरी कौलांमधून, भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या फटीतून हवा येत-जात राहते. पिढ्यान्‌पिढ्या बायका तशा शेकून उठल्या. माझ्या घरात फट नव्हती. जानेवारीत वैशालीला मुलगी झाली. एका सकाळी न्हाणं आटोपल्यावर अनुसयाबाईनं बाजेखाली निखारे ठेवले, दार ओढलं आणि नातीच्या अंगाला तेल लावून तिला ऊन द्यायला अंगणात घेऊन बसली. कोळशातून निघणाऱ्या त्या विषारी हवेला रंग नसतो, वास नसतो. अनुसयाबाई परत आत गेली तेव्हा वैशाली झोपल्यासारखी पडली होती.

मॅनेजरचा फोन आला. "सर, लोक घराला नावं ठेवतायत. काहीतरी लिहून द्या." मी पुण्यात टेबलाशी होतो. चहा यायचा होता. चहा येईपर्यंत लिहून झालं: 'सदर घराची चाचणी नियमानुसार उत्तीर्ण झालेली असून ही घटना रहिवाशांच्या निष्काळजीपणामुळे घडली आहे.' झरोक्याचं पान मी अहवालातून काढून घेतलं. फाडलं मात्र नाही. का नाही, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

"इथंच वाचला तुमचा कागद," फुलाबाई धानात पाय फिरवत सांगत होती. "त्या कडूनिंबाखाली. निष्काळजीपना. मिलिंदनं तो शब्द तीनदा वाचाले लावला मॅनेजरले. मंग मायकडे पाह्यलं. तवापासून तो तिच्यासंग बोलत नाई जी. तिच्या हातचं खात नाई. एका घरात रायतात, दोन चुली."

"आता कुठे असतात?"

"अर्जुनीकडं, प्रतापगडाजवळ. तिच्या भावाच्या गावाले." मग कुलूप लावलेल्या घराकडे बघत म्हणाली, "आमी बी सुनेले शेक देतो. भोक पाडलं अन् देतो. कोनी सांगतलं नाई आमाले. वैशालीच्या मयतीवरून आलो अन् सब्बल काढली."

अर्जुनीच्या गाडीत

गोंदियाहून अर्जुनीला पॅसेंजर जाते. डब्यात उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेतलेली एक बाई माझ्यासमोर बसली होती. पुण्यात उपासाच्या पिठापलीकडे शिंगाडा मला ठाऊक नव्हता. तिनं अडकित्त्यानं काळं साल फोडून पांढरा गर माझ्या हातावर ठेवला. गोडसर, ओलसर, तळ्याच्या पाण्याचा थोडा वास असलेला. "कुठी जाता?" तिनं विचारलं.

"अर्जुनी."

सौंदड आलं तेव्हा 'अर्जुनीले इथंच उतरा' म्हणत तिनं आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं मला उठवून दारापर्यंत पोचवलंच. मी एक पाय खाली टाकला आणि म्हणालो, "इथून प्रतापगड लांब आहे का?"

"प्रतापगड? अर्रे, आत घ्या त्याले!" म्हातारा ओरडला. "मोरगावची अर्जुनी पायजे तुमाले, सडक अर्जुनी नाई. दोन आहेत ना जी. पयले काऊन नाई सांगत?" त्यानं माझी बॅग अशी ओढली की पट्टा तुटला. पुढचा सगळा वेळ डब्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला माझी गोष्ट सांगण्यात गेला. "हे साहेब सडक अर्जुनीले उतरून रायले होते!" मला बरं वाटत होतं. ती माणसं मला साधा चुकलेला माणूस समजत होती.

बाहेर कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, एकीखाली एक, पिवळ्या खुंटांच्या. काहींत लाखोरीची डाळ हिरवी उगवली होती. मग तळी. एवढं पाणी आणि एवढे पक्षी मी आमच्या बाजूला एका जागी पाहिलेले नाहीत. नंतर जंगल आलं, डब्यातला उजेड हिरवा झाला आणि गार हवा खिडक्यांतून आत आली. कुणीही खिडकी लावली नाही.

प्रतापगडच्या बाजूला

अर्जुनीहून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावात पोचलो. प्रतापगडचा डोंगर तिथून दिसतो. गडावर महादेव आणि दर्गा दोन्ही आहेत, महाशिवरात्रीला माणूस मावत नाही, असं जीपवाला सांगत होता. मी हो-हो केलं. माझं लक्ष वरच्या खिशातल्या, झरोक्याच्या त्या पानाकडे होतं.

अनुसयाबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. कौलारू घर, मातीच्या भिंती. एक चूल पडवीत, एक मागच्या परसात. तिच्या पाठीला टेकून तीन वर्षांची मुलगी बसली होती.

"चष्मा बदलला तुमी," ती म्हणाली. सूप थांबवलं नाही. "बसा ना जी. मित्रा, पावन्याले पानी आन."

मित्रा हे त्या पोरीचं नाव. ती पाण्याचा गडू दोन्ही हातांनी धरून, सांडत, आली. अनुसयाबाईनं तांदळातला खडा उचलून टाकला. "वैशालीची."

मी बाजेवर बसलो आणि सांगितलं. मोठी तयारी केली होती. चार वाक्यांत संपलं. झरोका मी बंद करायला लावला. तो उघडा असता तर वैशाली गेली नसती. तुमचा निष्काळजीपणा नव्हता. ते वाक्य मी लिहिलं, खोटं लिहिलं.

ती सूप मांडीवर ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"तवाच. दार उघडून आत गेली तं माहं डोकं गरगरलं, मी खालीच बसली. शेक तं मी चार-चार बाळंतिनींले देल्ला, कदी अस्सं झालं नाई. वरतं पाह्यलं. तुमच्या इटा दिसल्या."

"मग मिलिंदला का नाही सांगितलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, अशा नजरेनं. "त्यालेच कसं सांगू जी? घर त्यानं मांगलं होतं. वैशाली म्हने, जुनंच बरं, मातीचं हाय पन मोकळं हाय. महिनाभर भांडला तो तिच्यासंग. बोलला बी नाई आठ दिवस. मंग ती आली." तिनं नातीच्या केसांत उडालेला तांदळाचा कोंडा काढला. "आता त्याले सांगाल, का घरानं खाल्लं तिले. मंग तो राग कोनावर काढन? माय हाय म्हनून काढून रायला. मी नसली तं सोतावर काढन. फवारनीचं औषध पडलं हाय घरात."

मी गडूतलं उरलेलं पाणी प्यायलो.

"मले चालते जी. तीन साल झाले, चालते. तुमी त्याले नका सांगू. येवढं करा."

मला काय वाटलं ते लिहितो, कारण लपवायचं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. मला सुटल्यासारखं वाटलं. मी येऊन सांगितलं होतं, आणि जिला सांगायचं तिनंच गप्प राहा म्हटलं होतं. यापेक्षा स्वस्तात कोण सुटलं असेल? तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"मोकळं व्हाले आले होते ना? झाले मोकळे," ती म्हणाली. "आता जेवून जा."

जेवण भात, लाखोरीची डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पानात भात इतका वाढला की दुसरं काही दिसेना. आमच्याकडे भाताची मूद पाडतात, इथे भाताचाच डोंगर करतात. मी निम्मा खाल्ला असेन, तेव्हा मोटरसायकल आली. मिलिंद वाळला होता, कानांजवळ केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं. "जय भीम, साहेब." हात धुतले आणि सरळ परसातल्या आपल्या चुलीकडे गेला.

"मित्रा," अनुसयाबाई मोठ्यानं म्हणाली, "तुह्या बापाले सांग, पावन्याले टेसनावर सोडून दे."

पोर परसात पळाली. "बाबा, पावन्याले सोड."

"सांग, सोडतो."

"आजी, सोडते म्हने!"

चार पावलांवरची दोन माणसं. पोरीला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. तिच्यासाठी घरात असंच बोलतात.

निघताना मी अनुसयाबाईला नमस्कार केला. तिनं नुसती मान हलवली, 'सांगू नका' अशी.

स्टेशनकडे

रस्ता जंगलातून जातो. मिलिंद हळू चालवत होता. मग मान अर्धी वळवून म्हणाला, "साहेब, तुमी मनाले लावून नका घेऊ."

"काय?"

"तुमी काऊन आले ते समजलं मले. येवढ्या दूरून. तुमच्या घराची काई चुकी नव्हती. मी इकडं लोकायले सांगतो, घर एक नंबर होतं. उन्हाळ्यात पंखा लावा लागत नव्हता. चुकी आमच्या घरचीच. माह्या मायची."

मी म्हणालो, "गाडी थांबवा."

त्याला वाटलं मला लघवीला जायचं आहे. त्यानं मोहाच्या एका झाडाखाली गाडी उभी केली आणि सभ्यपणे दुसरीकडे बघू लागला. मी खिशातून ते पान काढून त्याच्या हातात दिलं.

त्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं, बोट ठेवत. बारावीपर्यंत शिकलेला आहे तो; समजायला वेळ लागायचं कारण नव्हतं.

"ही सही तुमची?"

"हो."

"अन् हा पंखा, नंतर बसवावा."

"तो आलाच नाही. तोपर्यंत झरोका उघडा ठेवायला हवा होता. मला माहीत होतं. आईनं त्या दिवशी विचारलंही होतं, शेक कसा द्यायचा म्हणून. तुम्ही होता तिथे. मी चेष्टा केली."

"मी हासलो होतो," तो म्हणाला.

एक ट्रॅक्टर गेला. मिलिंदनं पानावर बसलेली धूळ पुसली.

"ते उघडं असतं तं ती वाचली असती?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मायले माहीत हाय हे?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "आहे. पहिल्या दिवसापासून."

तो माझ्या अंगावर येईल असं वाटलं. आला असता तर बरं झालं असतं. त्यानं पान घडी करून शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवलं. "मंग तिनं मले काऊन नाई सांगतलं?"

उत्तर माझ्याजवळ होतं. तासाभरापूर्वी तिच्या अंगणात बसून ऐकलेलं. त्याला काही सांगू नये, एवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडे मागितली होती. तिचं अर्धं मागणं मी मोडलंच होतं.

"तिलाच विचारा," मी म्हणालो. "आणि मिलिंद, घरात फवारणीचं औषध आहे ना, ते आधी बाहेर ठेवा."

त्यानं माझ्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं, की उरलेलं अर्धंही मी सांगून टाकलं.

तो गाडीवर बसला. मला बस म्हणाला नाही. तुटक्या पट्ट्याची बॅग त्यानं टाकीवरून काढून माझ्या पायाशी ठेवली, नीट, उभी. मग गाडी वळवली आणि आला त्या रस्त्यानं गेला. वेगात गेला. स्टेशन अजून दोन-अडीच किलोमीटर होतं. मी पोचलो तोवर पॅसेंजर निघून गेली होती, आणि दुसऱ्या गाडीपर्यंत फलाटावर बसून राहिलो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कसा झाला प्रवास. मी म्हणालो, थंडी होती. नंतर आठवड्याभरानं तिला सगळं सांगितलं, आणि आता हे लिहितो आहे. मी सांगितलं ते अनुसयाबाईसाठी की माझ्यासाठी, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं, आणि जे उत्तर मला आवडतं त्यावर माझा विश्वास बसत नाही. मिलिंद घरी पोचला तेव्हा अनुसयाबाई अंगणात होती की घरात, तो तिला काय म्हणाला, पोर कुठे होती, मला काही माहीत नाही. गावातल्या दुकानाचा फोन नंबर जीपवाल्यानं दिला होता. तो माझ्या टेबलावर आहे. दोनदा फिरवला. पलीकडे घंटा वाजली, आणि कुणी उचलायच्या आत मी ठेवून दिला.